डाव्या हाताला भिंत

लहानपणी आमच्या घरात माझ्या पायांविषयी फारसं कोणी बोलत नसे. बोलणं व्हायचं ते माझ्या बसण्याविषयी. लग्न असो, जत्रा असो, नाहीतर शेतात हरभऱ्याचा हुळा भाजायचा असो, निघायच्या आधी पहिला प्रश्न हाच, की विमलला कुठं बसवायचं. मग कोणीतरी सावलीची जागा हेरायचं, मला तिथं ठेवलं जायचं, आणि थोड्याच वेळात माझ्याभोवती वस्तू जमायला लागायच्या. पिशव्या, पाण्याची कळशी, कोणाचं तरी झोपलेलं बाळ, आणि चपला. बसलेलीच आहे ना, बघेल. दोन वर्षांची असताना तापात माझे दोन्ही पाय लुळे पडले, ते मला काही आठवत नाही, पण ही राखणदारी मात्र चांगली आठवते. शाळेत तर ते माझं कायमचं काम होतं. खेळाचा तास आला की गुरुजी म्हणायचे, विमल, तू चपला सांभाळ. माणूस भला होता, त्यांना वाटायचं की आपण या पोरीला काहीतरी काम देऊन मान देतो आहोत. मी त्या तासाला इतक्या चपला पाहिल्या, की नुसत्या अंगठ्यावरून मुलगी ओळखायचे. मैदानावर लंगडी चाललेली असायची आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, लंगडी तर मला तुमच्यापेक्षा जास्त येते.

आमचं गाव सावद्याजवळ. सगळीकडे केळीच्या बागा. उन्हाळ्यात गरम वारा सुटला की केळीची पानं फाटायची आणि त्यांचा फडफड आवाज दिवसभर घरात यायचा. भाऊ, म्हणजे माझे वडील, केळीच्या वॅगनी भरायच्या दिवसांत फक्त जेवायला घरी यायचे. बागेचं पाणी बघायचं काम आबांचं, माझ्या आजोबांचं. त्या वेळी सरीतून पाणी सोडायचे. एक जण विहिरीवर मोटारीपाशी, एक जण बागेच्या शेवटच्या टोकाला, आणि मधे केळीचं रान, एकमेकांना दिसायचं काही नाही. पाणी टोकाला पोचलं की तिथल्या माणसानं हाक द्यायची, “आलं होऽऽऽ”, की इकडच्यानं सरीचं मातीचं दार मोडून पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं. आबांची ही हाक आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायची. ती ऐकली की माय, माझी आई, बट्ट्या तळायला घ्यायची, कारण त्यानंतर अर्ध्या तासात आबा जेवायला येणार हे ठरलेलं. वरण, बट्टी आणि घोटलेली वांगी. आज डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय, पण तो वास आठवायला डॉक्टर मनाई करू शकत नाहीत.

वर्षातला माझा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, आणि दारोदारच्या कडुलिंबांना झोके बांधले जातात. जाड दोर, लाकडी पाट, आणि दिवसभर गाणी. झोक्यावर बसलं की माझ्यात आणि बाकीच्या मुलींत काही फरकच उरत नसे, पाय सगळ्यांचेच लोंबत असायचे. माझे हात कुबड्यांमुळे चांगले दणकट झालेले. मी दोर असे खेचायचे, की झोका पार फांदीच्या उंचीला जायचा आणि खालच्या बाया गाणं सोडून मायला हाका मारायच्या. त्या वर्षी मी चौदाची असेन. माझे धाकटे काका, नाना, खाटेवर पडून हे बघत होते. नाना म्हणजे घरातली वल्ली. लग्न लांबवलेलं, शेतात कमी आणि विहिरीत जास्त. गावातली निम्मी पोरं त्यांनीच पोहायला शिकवलेली. ते उठून बसले आणि पाटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग मायला म्हणाले, “वहिनी, झोका वर जातो त खाली जायाले काय झालं?”

मायला काही कळलं नाही. मला कळलं. आखाजी सरली, बायका सासरी गेल्या, झोके उतरले, आणि आमचा पाट मात्र माळ्यावर न जाता बागेतल्या विहिरीवर गेला. विहिरीला पायऱ्या होत्या, पण त्या म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले दगड. दोन पायांच्या माणसालाही जपून उतरावं लागे. नानांनी गाळ काढायच्या कप्पीला झोक्याचे दोर बांधले, चारी कोपऱ्यांनी पाट ताणून घेतला, आधी स्वतः बसून दोनदा वरखाली करून पाहिलं. दोर धरायला त्यांचे दोन पैलवान मित्र. मायनं माझ्यासाठी नानांच्या जुन्या सदऱ्याचा आणि पायजम्याचा पोहण्याचा पोशाख शिवला होता, त्यात मी बुजगावण्यासारखी दिसत होते. पाट खाली सरकायला लागला. कपारीतले पारवे फडफडून उडाले, ऊन वरच राहिलं, अंगाला गारवा लागला. पाण्याला पाय टेकले तेव्हा मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की वरच्या पैलवानांनी घाबरून मला परत अर्ध्यावर ओढून घेतलं. नाना खाली पाण्यात उभे राहून त्यांना शिव्या घालत होते.

पोहायला शिकवायचं साधन म्हणजे केळीचा खांब. घड कापून झालेल्या केळीचा बुंधा पाण्यावर मस्त तरंगतो, आणि आमच्याकडे त्याला काय तोटा. महिनाभरात दोन खांबांचा एक झाला आणि पुढच्या महिन्यात तोही सुटला. पाण्यात पायांना वजन नव्हतं. जमिनीवर जे पाय मी जन्मभर ओढत आले, ते पाण्यात नुसते माझ्या मागून आरामात येत होते. हे सुख मी आज शब्दांत सांगू बघते आणि जमत नाही. पाण्यात मला कुठं बसवायचं हा प्रश्नच नव्हता, एवढंच म्हणते. नानांचा एकच नियम होता, भिंत डाव्या हाताला ठेवायची. दम लागला की डावा हात टाकायचा, दगड हाताशी. मी भिंतीच्या कडेकडेनं गोल फिरायचे, एक वेढा, दुसरा वेढा, आणि डोळ्यांत पाणी उडतं म्हणून डोळे घट्ट मिटून. भिंत कुठं आहे ते हाताला कळायचं, डोळ्यांचं काय काम. पावसाळा संपता संपता मी न थांबता दहा वेढे मारायला लागले. नाना काठावर बसून मोठ्यानं वेढे मोजायचे आणि दहाव्याला शिट्टी मारायचे.

ही शिट्टीच नडली. आबांना सांगितलेलं नव्हतं. एके दिवशी पाणी लवकर आटोपून ते विहिरीवर आले, खाली वाकून पाहिलं आणि तसेच मागे सरले. आबांना पोहता येत नव्हतं. तरुणपणी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीतून त्यांनी एका मुलाला दोरानं वर काढलं होतं, आणि तो वर आला तेव्हा फार उशीर झालेला होता. त्यानंतर ते विहिरीत कधी वाकून बघत नसत, त्या दिवशी शिट्टी ऐकून वाकले तेवढेच. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात नानांना म्हणाले, की पाट उद्या माळ्यावर टाक, आणि पोरीला या घरात बसायला जागा कमी आहे का. मी चुलीपाशी बसून मोठमोठ्यानं रडले. मायनंही डोळ्याला पदर लावला, पण आबांपुढं बोलायची तिची रीत नव्हती.

वाट काढली ती मोहनशेठनी. हे सावद्याचे केळीचे व्यापारी, मूळचे राजस्थानकडचे, आबांचा त्यांच्यावर फार विश्वास. त्यांच्या मेहुण्याच्या ओळखीची एक संस्था धुळ्याला होती आणि ती अपंगांसाठी खेळांचा मेळावा भरवणार होती. चित्रकला, गाणं, भालाफेक, आणि तिथल्या बांधीव तलावात पोहणं. तोवर असं काही असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. नानांनी ते ऐकलं आणि थेट आबांपुढं जाऊन बसले. बरीच हुज्जत झाली. शेवटी आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “धुळ्याले त्या तलावात या काठाहून त्या काठाले जाऊन दाखव. पल्याड गेली त मी पुन्हा कोनाले काही म्हननार नही. नही गेली त पाट माळ्यावर.” मी मान डोलावली. विहिरीचे दहा वेढे मारणारी पोरगी मी, एका तलावाचं काय घेऊन बसलात.

इथं जरा थांबते. आता मी जळगावात तळमजल्यावर राहते, आणि माझ्याकडे एक वही आहे. आठवड्यातून दोन-तीन तरी फोन येतात. ताई, मुलगा व्हीलचेअरवर आहे, पेटी शिकायचीय, कुठं जमेल? ताई, मुलीला दिसत नाही, तिला पोहायला कोण घेईल? आता एवढे मोबाइल झाले, तरी ही माहिती अजून अशी तोंडातोंडीच फिरते. मी त्या त्या ठिकाणी फोन लावते आणि पहिला प्रश्न विचारते, पायऱ्या किती? माझ्या वहीत प्रत्येक क्लासच्या नावापुढं पायऱ्यांचा आकडा आहे. पेटीच्या एका सरांचा क्लास दुसऱ्या मजल्यावर होता, वहीत चौतीस लिहिलेलं. मी त्यांना चार वेळा फोन केला. पाचव्यांदा त्यांनीच केला, म्हणाले, ताई, पेटी उचलून मीच खाली येतो, पण तुम्ही आता फोन करू नका. चौतीस खोडून मी तिथं शून्य लिहिलं. अशी शून्यं वाढली की मला फार बरं वाटतं.

तर धुळ्याचा प्रवास. सावद्याहून गाडी, चाळीसगावला उतरून धुळ्याची दुसरी गाडी. नाना मला पाठुंगळी घेऊन चढत-उतरत होते, आबा मागून कुबड्या आणि दशम्यांचं गाठोडं घेऊन. पाचोऱ्याला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा आबांनी गाठोडं सोडलं, दशमीवर मिरचीचा ठेचा घातला आणि आधी मला दिली. मेळाव्याबद्दल सगळ्या वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, तलाव किती खोल असतो. नाना म्हणाले, पुरुषभर. आबांनी ठेचा बाजूला सारला.

तलाव पाहून मी दिपून गेले. निळं, खालपर्यंत स्वच्छ दिसणारं पाणी, आणि चौकोनी. ते चौकोनी आहे याचा अर्थ मात्र माझ्या किंवा नानांच्या डोक्यात आला नाही. आम्ही चौघी होतो. मी अगदी उजव्या कडेला. माझ्या डावीकडे फुलाबाई, साक्रीकडच्या एका खेड्यातली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिचा एक हात कोपरापासून नव्हता आणि तोंड अखंड चालू होतं. पाण्यात मधे दोर-बिर काही बांधलेले नव्हते. संस्थेच्या बाईंनी शिट्टी मारली. मी डोळे मिटले आणि निघाले.

काय जोरात निघाले होते मी. लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता, मला वाटलं, माझंच कौतुक चाललंय. नानांचा आवाज तर सगळ्यांत वर. मधेच माझं डोकं कोणाच्या तरी बरगड्यांत गेलं आणि कानाशी आवाज आला, “व बहीण, तू मना वाटमा काय करी राह्यनी?” फुलाबाई होती, माझ्या वाटेत काय करतेस म्हणत होती. मला उत्तर द्यायला सवड नव्हती. मी तिला वळसा घालून आणखी जोर लावला, आणि शेवटी भिंत हाताला लागली. पोचले! मी हात वर केला, डोळे उघडले, तर समोर नाना. मला नवल वाटलं, की हे इतक्या लवकर पळत पलीकडे कसे आले. मग नानांच्या पायाशी माझ्या कुबड्या दिसल्या. कुबड्याही इकडे आणल्या वाटतं, असं मनात येतंय तोवर सगळा तलाव हसायला लागला.

डाव्या हाताला नसलेली भिंत शोधत मी डावीकडेच वळत गेले होते आणि विहिरीसारखा एक सुरेख वेढा मारला होता. ज्या काठावरून निघाले, बरोबर त्याच काठाला येऊन पोचले होते. पल्याड बाकीच्या दोघी काठ धरून उभ्या होत्या आणि फुलाबाई तलावाच्या मधोमध थांबून, आपली शर्यत सोडून, पोट धरता येत नाही म्हणून नुसतीच हसत होती. मला पाण्याच्या तळाशी जाऊन बसावंसं वाटलं. शर्यत गेली त्याचं काही नाही, पण पाट गेला. माझी विहीर गेली. आता पुन्हा चपलांपाशी.

आबा पायऱ्यांवरून उठून आले. हसत नव्हते. नानांना म्हणाले, “सरळ पोहायले शिकवलंच नही तू तिले?”

नानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. म्हणाले, “आबा, विहीर सरळ कुठी राह्यते?”

आबांनी यावर विचार केला. ते खरोखरच विचार करत होते, ओल्या फरशीवर धोतराचा सोगा धरून. मग संस्थेच्या बाईंकडे वळले. “बाई, शर्यत तुमची झाली. माही राह्यली. हिले पल्याड जाऊ द्यायचं हाये.” बाई म्हणाल्या की पुरुषांची शर्यत सुरू व्हायला वेळ आहे, जाऊ दे. आणि आबा काठाकाठानं चालायला लागले. पाण्यापासून चार हात लांब राहणारा माणूस त्या निसरड्या काठावरून एकेक पाऊल टाकत पार पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथं उकिडवा बसला. फुलाबाई पोहत माझ्याजवळ आली. तिला नानांनी भिंतीची भानगड सांगितली, तेव्हा ती परत एकदा मनसोक्त हसली आणि म्हणाली, “आते मी तुना डावा हातले येस. माले भिंत समज, नि चाल.”

डोळे मिटायची सवय काही सुटली नाही. पण समोरून हाक आली. “ये होऽऽऽ!” केळीच्या रानातून येते तशी, लांब, ओढून. मी हाकेच्या दिशेनं हात मारले. डावीकडे वळले की फुलाबाईचा खांदा लागायचा आणि ती मला ढकलून सरळ करायची, वर बोलत राहायची. मधे हात भरून आले. विहिरीत असं झालं की डावा हात टाकायचा, भिंत असायची. इथं हात टाकला तो पाण्यातच गेला. मी नाकातोंडात पाणी घेतलं. हाक आली, या वेळी जवळून. मी पुन्हा हात उचलला. आणि मग माझ्या बोटांना जे लागलं ती भिंत नव्हती, हात होता. आबांनी पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ठेवला होता. त्यांनी माझं मनगट असं गच्च धरलं, की त्याचे वळ मी दोन दिवस सगळ्यांना दाखवत होते. मी डोळे उघडले. आबांचे डोळे भरलेले होते. त्यांनी मान वर करून तलावाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या नानांना जोरात हाक दिली, “आली होऽऽऽ!”

मेळाव्यात भाग घेणाऱ्या सगळ्यांना एकेक स्टीलचा पेला मिळाला. आबा मरेपर्यंत त्याच पेल्यातून पाणी प्यायले आणि पाहुणा आला की त्याला तो पेला दाखवून, पोरीनं धुळ्याचा तलाव दोनदा पोहला, असं सांगायचे. हिशेबानं ते खोटंही नव्हतं. पुढच्या आखाजीला त्यांनी स्वतः झोक्याच्या पाटाला पाठ टेकायला फळी ठोकून दिली. फुलाबाईशी पत्रं सुरू झाली, ती आता आजी झालीय आणि फोनवरसुद्धा तोंड अखंड चालू असतं. आमची ती विहीर केव्हाच कोरडी पडली. पाट माझ्याकडे आहे, त्यावर मी पायऱ्यांची वही ठेवते.

आठवड्यातून तीन सकाळी मी तलावावर असते. सहाजणी येतात, एकीला दिसत नाही, दोघी व्हीलचेअरवरच्या, बाकीच्यांचं काही ना काही. त्यांच्या चपला त्यांच्या आज्या सांभाळतात. मुलींना मी पहिल्या दिवसापासून सरळ पोहायला शिकवते, पलीकडे बसून हाक देते, आणि पोचली की जे ओरडायचं ते ओरडते. तलावावरचे लोक आता वळूनही बघत नाहीत. मला स्वतःला मात्र साठी आली तरी जमलेलं नाही. एकटी पाण्यात उतरले, डोळे मिटले, की हळूहळू डावीकडे वळते, आणि थोड्या वेळानं हात लागतो तो निघालेल्याच काठाला. समोर कुबड्या दिसतात आणि मला हसू येतं. मग एखादी पोरगी पलीकडच्या काठाला जाऊन ओरडते, “ताई, या होऽऽऽ”, आणि मी बरोबर पल्याड जाते.